पोरांचं ते टॅलेंट, पोरींचं ते टाईमपास?

मागच्या अंकात फॅनफिक्शनवर पानभर मजकूर आला होता, त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आले की संपादक म्हणाले आता तूच निस्तर. तर निस्तरते. ज्यांनी तो मजकूर वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आवडत्या पुस्तकातली, सिनेमातली, सिरियलमधली पात्रं घेऊन चाहते स्वतःच्या कथा लिहितात आणि बहुतेक वेळा फुकट वाचायला देतात, ते फॅनफिक. लिहिणाऱ्यांत बायका-मुली प्रचंड जास्त. 2013 मध्ये एका फॅननेच एओथ्री (आर्काइव्ह ऑफ अवर ओन) या फॅनफिकच्या मोठ्या साइटच्या लोकांचा सर्व्हे घेतला होता, दहा हजारांवर लोकांनी तो भरला, त्यात 80 टक्क्यांनी स्वतःला स्त्री म्हटलं आणि पुरुष होते 4 टक्के. ज्यांना भरावासा वाटला त्यांनीच भरला, म्हणजे पक्की जनगणना नव्हे, पण अंदाज येतो. आणि आलेल्या पत्रांतली निम्मी तरी एकाच गोष्टीभोवती फिरत होती, म्हणून यावेळी तेवढाच विषय घेतलाय.

प्रश्न: ताई, मी नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. वर्गातला एक मुलगा गेमचे मॉड बनवतो, म्हणजे दुसऱ्याच्या गेममध्ये बदल करून नवं काही, तर सर म्हणतात रेझ्युमेवर टाक. मी सव्वा लाख शब्दांची फॅनफिक लिहून पूर्ण केली, तर मैत्रिणी म्हणतात हे कुणाला सांगू नकोस. दोघंही दुसऱ्याच्याच मालावर काम करतोय ना? कंपन्यासुद्धा असाच फरक करतात का?

करतात गं. आणि लपूनछपून नाही, नियम छापून करतात.

आधी तुझ्या वर्गमित्राचं बघू. 1993 ला डूम नावाचा गेम आला तेव्हा बनवणाऱ्यांनी मुद्दामच त्याच्या फायली अशा ठेवल्या की कुणालाही त्यात स्वतःच्या लेव्हल घालता याव्यात. मग हाफ-लाइफ आला, त्याच्यावर दोन पोरांनी काउंटर-स्ट्राइक हा मॉड केला, आणि 2000 मध्ये हाफ-लाइफवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याचे हक्क विकत घेऊन वर दोघांना कामावर घेतलं. म्हणजे इंजिन दुसऱ्याचं, गेम दुसऱ्याचा, पण हातात वकिलाची नोटीस नाही पडली, नोकरी पडली. डोटासुद्धा मुळात वॉरक्राफ्टचा मॉड, आणि तो पुढे नेणारा गडीही शेवटी व्हॉल्व्हमध्येच गेला. गेमवाल्यांच्या हिशोबात मॉड करणारा मुलगा म्हणजे उद्याचा स्टाफ, त्याला टूल्स द्यायची, सांभाळायचं.

आता स्टार वॉर्स घे. 1977 ला सिनेमा आला आणि लगेच फॅन्सनी, त्यातल्या बऱ्याचशा बायकांनी, घरगुती छपाईचे अंक काढायला सुरुवात केली, त्यांना फॅनझीन म्हणायचे, पोस्टाने मागवायचे. 1981 मध्ये अशाच एका अंकात हान सोलो आणि लेयाची, म्हणजे सिनेमातल्याच जोडीची, जरा बेडरूमपर्यंत जाणारी कथा आली. स्टार वॉर्सची मालक कंपनी लुकासफिल्म, तिच्या अधिकृत फॅन क्लबकडून संपादकांना पत्रं गेली की असलं काही चालणार नाही, पात्रं आमची आहेत आणि आमच्या सिनेमाची इमेज फॅमिलीची आहे. ज्या सिनेमात अख्खा ग्रह माणसांसकट उडवतात तो फॅमिलीचा, आणि प्रेमात पडलेली दोन मोठी माणसं एकत्र झोपली की फॅमिली धोक्यात! (पत्र लिहिणारी अधिकारीही बाईच होती, म्हणजे ऑफिसात बाई बसवली की झालं असं काही नसतं.)

बरं, लुकासफिल्मला फॅन्सचं वावडं होतं का, तर अजिबात नाही. 1997 मध्ये ट्रूप्स नावाची एक छोटी फॅनफिल्म इंटरनेटवर गाजली, स्टार वॉर्सच्या सैनिकांना पोलिसांच्या रिॲलिटी शोमध्ये टाकलेलं, भन्नाट विनोदी. ती करणाऱ्याला पुढे स्टार वॉर्सचीच अधिकृत कॉमिक लिहायला मिळाली. मग 2002 पासून कंपनीने फॅनफिल्मची वार्षिक स्पर्धाच सुरू केली, बक्षिसं, टीव्हीवर झळकायची संधी, सगळं. फक्त नियम असा होता की फिल्म एकतर विडंबन पाहिजे नाहीतर डॉक्युमेंटरी, स्टार वॉर्सच्या जगातली गंभीर काल्पनिक गोष्ट चालणार नाही. म्हणजे फॅनफिक नाही.

हा नियम नीट वाच. त्यात बाई-पुरुष असा शब्दसुद्धा नाही, कुठल्याही कोर्टात दाखवा, स्वच्छ. पण विडंबन करणारे कोण होते, तर कॅमेरा आणि स्पेशल इफेक्टवर हात बसवू पाहणारी फिल्म स्कूलची पोरं. आणि बायका काय करत होत्या, तर पात्रांच्या मनात शिरून गोष्टी लिहीत होत्या, नाहीतर सीन कापून गाण्यावर बसवून व्हिडिओ करत होत्या, ज्याची सुरुवात 1975 ला एका स्टार ट्रेकच्या चाहतीने स्लाइड प्रोजेक्टरवर केली होती. ते सगळं नियमाच्या बाहेर. हेन्री जेन्किन्स या मीडियाच्या प्राध्यापकांनी 2006 मध्येच हे बोट ठेवून दाखवलं होतं. 2007 ला कंपनीने नियम सैल केला आणि गंभीर कथांनाही दार उघडलं.

अजून एक. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1994 सालीच एका रॅप गाण्याच्या केसमध्ये सांगितलं होतं की विडंबन हा फेअर यूज, म्हणजे परवानगी न घेता चालणारा वापर, असू शकतो. म्हणजे कायद्याने जे बऱ्यापैकी सुरक्षित होतं तेवढ्यालाच कंपनीने उदारपणे परवानगी दिली, आणि ज्याला खरंच परवानगीची गरज होती ते बाहेर ठेवलं. मोठं मन!

तुझ्या रेझ्युमेचं म्हणशील तर टाक. सव्वा लाख शब्द, दर आठवड्याला चॅप्टर, लोकांचा फीडबॅक घेऊन दुरुस्त्या, एवढं डेडलाइन सांभाळून करणारे मला ऑफिसात फार भेटत नाहीत. कथा कुठल्या शिपवर, म्हणजे कुठल्या जोडीवर आहे ते इंटरव्ह्यूत सांगायची सक्ती नाही.

प्रश्न: मॅडम, मी पुण्यात आयटीत आहे, ट्रेकी म्हणजे स्टार ट्रेकचा चाहता आहे. प्रत्येक गोष्टीत जेंडर आणायचं काही कारण नाही. कॉपीराइट सगळ्यांना सारखा. ॲक्सनार या स्टार ट्रेकच्या फॅनफिल्मवर केस झाली तेव्हा ती करणारे पुरुषच होते, त्याचं काय?

मुद्दा बरोबर आहे आणि मी तो टाळणार नाही. डिसेंबर 2015 मध्ये स्टार ट्रेकचे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंटने ॲक्सनारवर दावा ठोकला, कारण त्यांनी लोकांकडून दहा लाख डॉलरच्या वर वर्गणी गोळा केली होती, प्रोफेशनल कलाकार होते, स्टुडिओ उभा केला होता. जानेवारी 2017 मध्ये तडजोड झाली. म्हणजे पैसा मोठा झाला की कंपनी पुरुषालाही सोडत नाही, मान्य.

पण मधल्या काळात काय झालं तेही बघा ना. जून 2016 मध्ये सीबीएसने फॅनफिल्मसाठी लेखी गाइडलाइन्स काढल्या. एक गोष्ट पंधरा मिनिटांची, फार तर दोन भाग, वर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंत, असं सगळं. फॅन्स चिडले, पण माझ्या डोळ्यांत भरलं ते वेगळंच. पन्नास हजार डॉलर! कंपनी त्यांना सांगत होती की या चौकटीत राहा, आम्ही काही करणार नाही, आणि चौकटही पैशांत मोजून देत होती. स्टार ट्रेकचा पहिला फॅनझीन 1967 चा, त्यात बायकांचा पुढाकार, म्हणजे फॅनफिल्मवाल्यांच्या कितीतरी आधीपासून या लिहितायत. इतक्या वर्षांत त्यांना असा बसून केलेला हिशोब कुणी दिला का? नाही. त्यांच्या वाट्याला एकतर कानाडोळा आला नाहीतर अश्लीलतेचा शिक्का.

आणि ही मालिका तिसऱ्या सीझनपर्यंत टिकली तीच मुळी प्रेक्षकांच्या पत्रांमुळे. 1967 च्या शेवटी एनबीसी ही वाहिनी ती बंद करणार अशी बातमी पसरली तेव्हा बीजो ट्रिम्बल आणि तिच्या नवऱ्याने देशभरातून पत्रं पाठवायची मोहीम चालवली. तुम्ही ट्रेकी आहात म्हणजे हे नाव तुम्हाला ठाऊक असेलच.

तर मी असं म्हणत नाहीये की पुरुषांना सगळं माफ असतं. मी म्हणतेय की पुरुष फॅनवर कंपनी चिडते ती तो धंद्यातला स्पर्धक वाटायला लागला म्हणून, आणि बाई फॅनवर चिडते ती एक पैसा मिळत नसतानासुद्धा, केवळ तिने काय लिहिलं म्हणून. पहिल्यात निदान समोरच्याला बरोबरीचा मानलेलं असतं. आणि हे फक्त कंपन्यांचं नाही हो, 2009 च्या सॅन डिएगो कॉमिक-कॉनला, म्हणजे कॉमिक्स-सिनेमाच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, ट्वायलाइट या प्रेमकथेच्या चाहत्या मुली आल्या तर ट्वायलाइटने कॉमिक-कॉनची वाट लावली असे बोर्ड घेऊन लोक उभे होते. तिकीट काढून आलेल्या पोरी होत्या त्या.

प्रश्न: एओथ्रीवाल्या बायका सारख्या म्हणत असतात सर्व्हर आपले स्वतःचे पाहिजेत. हे खूळ कुठून आलं? चार जाहिराती घेतल्या तर काय बिघडतं, दरवेळी देणगी मागायला नको. (ठाणे)

हे खूळ मे 2007 मध्ये आलं, आणि त्या एका महिन्यात जे घडलं ते मला विचाराल तर अख्ख्या विषयाचं सार आहे, म्हणून जरा लांबण लावते.

फॅनलिब नावाची कंपनी होती. याहूतून बाहेर पडलेला माणूस प्रमुख, गुंतवणूकदारांचा पैसा पाठीशी, वरच्या मंडळींत सगळे पुरुष. आयडिया अशी की फॅनफिक लिहिणाऱ्यांना एका साइटवर आणायचं, त्यांचा मजकूर फुकट, जाहिरातीचे पैसे आपले, आणि स्टुडिओंना जाऊन सांगायचं की बघा हा तुमचा चाहतावर्ग, आमच्या मार्फत वापरा. चांगलं लिहिणाऱ्या बायकांना शोधून मेल पाठवले. कायद्याचं काही झालं तर, टर्म्समध्ये लिहिलेलं, जबाबदारी लिहिणारीची. म्हणजे नफा कंपनीचा आणि नोटीस तिच्या घरी.

तोपर्यंतही कदाचित खपून गेलं असतं. पण कंपनीने स्टुडिओंना दाखवायला केलेलं माहितीपत्रक फॅन्सच्या हाती लागलं. त्यात आश्वासन होतं की सगळी सूत्रं तुमच्याच हातात राहतील, रंगवायच्या पुस्तकात पोरं जशी रेषेच्या आत रंग भरतात तसं हे खेळाडू रेषेच्या आत राहतील, आणि त्यांचं पूर्ण झालेलं लिखाण म्हणजे निव्वळ पहिला खर्डा, त्याला पॉलिश तुमचे प्रोफेशनल करतील. खेळाडू! ज्या बायका वीस-वीस वर्षं लिहीत होत्या, संपादन करत होत्या, एकमेकींचे मजकूर तपासून देत होत्या, त्यांच्यात वकील होत्या, प्राध्यापक होत्या, छापील लेखिका होत्या, त्यांना म्हणे रेषेच्या आत रंग भरा. वर जाहिरातीत एक काडीपैलवान आणि एक बॉडीबिल्डर, फॅनलिबच्या आधी आणि नंतर, दोन्ही पुरुषच. आपलं गिऱ्हाईक कोण आहे हेही बघितलं नव्हतं त्यांनी.

17 मे 2007 ला लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटवर एका लेखिकेने लिहिलं की आपलंच एक संग्रहालय हवं, जाहिराती नाहीत, नफा नाही, चालवणाऱ्या आपणच. खाली कमेंटमध्ये कामं वाटून घ्यायला सुरुवात झाली, मी कोड शिकते, मी कायद्याचं बघते. आणि दोन आठवडे होतायत तोवर, 29 मेच्या सुमाराला, त्याच लाइव्हजर्नलने एका बाहेरच्या गटाच्या तक्रारीवरून सुमारे पाचशे जर्नल एका फटक्यात बंद केली. बंद केलेल्या नावावर आडवी रेघ यायची म्हणून त्याला स्ट्राइकथ्रू म्हणतात. लहान मुलांचं शोषण करणारे शोधतोय असं सांगितलं गेलं, आणि गेले कोण, तर हॅरी पॉटरच्या कथा-चित्रांचे गट, एका गाजलेल्या कादंबरीवर स्पॅनिशमध्ये चर्चा करणाऱ्या बायका, आणि अत्याचारातून वाचलेल्यांचे आधारगट. आवडीच्या विषयांच्या यादीत ठरावीक शब्द दिसला की उडवलं, आत कुणी काय लिहिलंय ते वाचायचे कष्ट नाहीत. नंतर कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली, बरीच जर्नल परत आली, पण ऑगस्टमध्ये पुन्हा तसलाच प्रकार. वर्ष संपायच्या आत लाइव्हजर्नलच एका रशियन कंपनीला विकून टाकलं. घरमालक बदलला, भाडेकरूंना कुणी विचारलं नाही.

फॅनलिब ऑगस्ट 2008 मध्ये बंद पडली, तिचा उरलासुरला माल डिस्नेने घेतला. तिकडे ना-नफा संस्था उभी राहिली, त्या पोस्टवाल्या आणि संस्थेच्या संस्थापकांपैकी एक म्हणजे कादंबरीकार नाओमी नोविक, आणि नोव्हेंबर 2009 ला एओथ्री सगळ्यांसाठी खुलं झालं. कोड लिहिणाऱ्यांत बहुतेक बायका, कित्येकींनी प्रोग्रॅमिंग तिथेच शिकलं. 2019 ला त्या साइटला ह्यूगो मिळाला, विज्ञानकथेतला मानाचा पुरस्कार.

जाहिरात घेतली की जाहिरातदार आला, तो आला की त्याची इमेज आली, आणि मग परत फॅमिली आली. 2018 च्या डिसेंबरमध्ये टम्बलर या ब्लॉगच्या साइटने प्रौढ मजकुरावर बंदी घातली तेव्हा नियमात चक्क स्त्रीच्या दिसणाऱ्या स्तनाग्रांवर बंदी असं कलम होतं, पुरुषाची चालतील. मालक तेव्हा व्हेरायझन, फोनची कंपनी. त्यामुळे देणगीचा बॅनर दिसला की मला तरी वैताग येत नाही.

प्रश्न: ताई, माझी मुलगी नववीत आहे, दिवसभर हे फॅनफिक. त्यात घाणेरडंही असतं असं ऐकलं. बंद करू का? (डोंबिवली)

असतं, खोटं कशाला सांगू. पण बंद करण्याआधी तिच्याशेजारी बसून साइट बघा. एओथ्रीवर प्रत्येक कथेला रेटिंग असतं, सगळ्यांसाठी, टीन, मॅच्युअर, एक्स्प्लिसिट, शिवाय टॅग असतात ज्यात आत काय आहे ते आधीच लिहिलेलं असतं, लिहिणारीने रेटिंग देणं टाळलं असेल तर तेही दिसतं. खातं काढायला किमान तेरा वर्षं लागतात. कुठले टॅग गाळायचे ते तिलाच विचारा, तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. ओटीटीवर एवढी सोय आहे का सांगा.

आणि तिला फक्त वाया चाललेली पोरगी समजू नका हो. 2000 च्या शेवटी वॉर्नर ब्रदर्सने हॅरी पॉटरच्या फॅन साइटना वकिलाच्या नोटिसा पाठवायला सुरुवात केली, नावं ताब्यात द्या म्हणून. इंग्लंडात पंधरा वर्षांच्या एका मुलीला पत्र गेलं. अमेरिकेतली एक टीनएजर मुलगी, जी जगभरातल्या पोरांकडून हॉगवर्ट्सचं ऑनलाइन वर्तमानपत्र चालवून घ्यायची, तिने मोहीम काढली, बहिष्कार पुकारला, आणि शेवटी माघार स्टुडिओने घेतली. पोरींच्या हातून चूक झाली नव्हती, त्या पुस्तकांची फुकट जाहिरातच करत होत्या, फक्त कंपनीला त्या मोजदादीत दिसल्या नव्हत्या.

प्रश्न: मी सांगलीची, घरकाम सांभाळून मोबाइल ॲपवर मराठी कथा लिहिते, अधूनमधून मालिकेतल्या पात्रांवरही. नवरा म्हणतो फुकट लिहिणं म्हणजे मूर्खपणा. मला वाटतं बायकांना फुकट लिहायला लावणं हेच शोषण आहे. तुम्ही काय म्हणता?

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. भेट म्हणून दिलेलं आणि लुबाडलेलं यात फरक आहे, आणि तो फरक टर्म्स ॲन्ड कंडिशन्समध्ये असतो, मनात नसतो.

पैसे देणारी योजना आली तेव्हा काय झालं ते ऐका. 2013 मध्ये ॲमेझॉनने किंडल वर्ल्ड्स काढलं. काही मालिकांचे हक्क घेतले आणि फॅन्सना म्हणाले लिहा, विका, रॉयल्टी घ्या. दहा हजार शब्दांच्या वरच्या कथेला 35 टक्के, छोट्या कथेला 20 टक्के. ऐकायला छान. पण दोन मालिकांची सरमिसळ चालणार नाही, पोर्न चालणार नाही, आणि मुख्य म्हणजे तुम्ही कथेत जे नवं आणाल, नवं पात्र, नवा प्रसंग, ते मूळ मालकाला वापरता येणार, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तुमची कथाही कॉपीराइट असेपर्यंत त्यांच्याकडेच. म्हणजे सून घरात आली की तिचे दागिने घरचेच. 2018 मध्ये दुकान बंद केलं.

त्याउलट दुसरा रस्ता. फिफ्टी शेड्स ही कादंबरी मुळात ट्वायलाइटची फॅनफिक, नावं बदलली आणि 2012 मध्ये मोठ्या प्रकाशनाकडून जगभर खपली. पुस्तक मला आवडलं नाही, पण प्रेसने त्याला मम्मी पोर्न म्हणून जी खिल्ली उडवली त्यात वाचणाऱ्या बायकांचीच जास्त होती. आता तर प्रकाशकच फॅनफिकवाल्यांच्या मागे आहेत. अली हेझलवूडची 2021 ची लव्ह हायपोथिसिस मुळात स्टार वॉर्सच्या जोडीवरची, आणि 2025 मध्ये आलेली अल्केमाइज्ड ही हॅरी पॉटरमधल्या ड्रेको-हर्मायनीवरच्या एका प्रचंड गाजलेल्या फॅनफिकचं बदललेलं रूप. लिहिणाऱ्यांना पैसे मिळाले, आनंद आहे. पण मिळाले ते खुणा पुसल्यावर. आणि त्याच 2025 मध्ये एओथ्रीवरच्या सव्वा कोटीच्या वर कथा कुणीतरी परस्पर उचलून एआयसाठी डेटासेट म्हणून टाकल्या, संस्थेला नोटीस पाठवून त्या काढायला लावाव्या लागल्या. बाईने कंपनीचं पात्र घेतलं की चोरी, आणि बायकांचं अख्खं संग्रहालय कुणी उचललं की डेटा.

तर तुम्ही फुकट लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा, नवऱ्याने नको आणि मीही नको. ॲपवर लिहिता ना, तर हक्क कुणाकडे राहतात, कथा काढून घेता येते का, ऑडिओ आणि सिरियलचे हक्क त्यातच गेलेत का, एवढं आजच बघून घ्या.

प्रश्न: जात्यावरच्या ओव्यांमध्ये आपल्या बायकांनी सीतेची बाजू मांडली, रामालाही बोल लावले. हे फॅनफिकच नव्हे का? मग पाश्चात्यांचं एवढं कौतुक कशाला? (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

सर, खोड तीच आहे, मान्य. पण सीतेचे हक्क कुठल्या स्टुडिओकडे नव्हते. जात्यावर बसलेल्या बाईला सासू काही बोलली असेल, लीगल डिपार्टमेंट नाही. इथे प्रश्न कंपन्यांचा आहे म्हणून अमेरिकेची उदाहरणं. एक मात्र सांगण्यासारखं आहे, गी पॉइतेवॅं आणि हेमा राईरकर यांनी ज्या ओव्या गोळा केल्या आणि ज्या आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकता येतात, त्या गाणाऱ्या बाईच्या नावानिशी, गावानिशी आहेत. फॅनलिबला एवढं सुचलं नाही.

प्रश्न: एका मालिकेच्या निर्मात्यांनी स्पर्धा लावलीये, पुढचा ट्रॅक प्रेक्षकांनी लिहून पाठवा, विजेत्याला सेटवर बोलावणार. भाग घेऊ का? (जळगाव)

सेट बघायचा असेल तर घे, मजा येते. कथा जपायची असेल तर आधी नियमावली वाच.

आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे, त्यातल्या कलम 52 मध्ये खासगी वापर, टीका, समीक्षा वगैरेंसाठी सूट आहे, विडंबन हा शब्दच त्यात नाही. केरळ हायकोर्टाने 1996 मध्ये एका गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाला त्याच कलमाखाली मोकळीक दिली होती, तेवढा आधार आहे, पण फॅनफिकला सरसकट लागू होईल असं मी छातीठोक सांगणार नाही. मालिकेची पात्रं त्यांचीच. पण त्यात तू जे घातलंस ते तुझं, आणि ते तू लेखी दिल्याशिवाय जात नाही.

म्हणून सगळा खेळ त्या आय ॲग्रीच्या चौकोनात आहे. कलम 19 प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे कंपन्यांच्या वकिलांना पाठ असतं, त्यामुळे ते नियमावलीत कायमस्वरूपी आणि जगभर असं मुद्दाम लिहितात, अन पाठवलेल्या सगळ्या एंट्रीजना ते लागू करतात, नुसत्या विजेत्याला नाही. म्हणजे एकीला सेटवर चहा-समोसा आणि बाकी सगळ्यांचे ट्रॅक त्यांच्या फाइलमध्ये. तसं कलम दिसलं तर तुझी ठेवणीतली कथा पाठवू नकोस, दुसरी एखादी बरीशी पाठव. आणि पाठवण्याआधी स्वतःलाच एक मेल करून ठेव, अटॅचमेंटसकट, म्हणजे तारीख राहते.